आजीव सभासद, पण कुठल्या राज्याचे?

रानजाई

मार्चमध्ये माझे सासरे आमच्याकडे कायमचे राहायला आले. सासूबाई गेल्यावर दीड वर्ष ते त्या मोठ्या घरात एकटेच होते. वय ८१, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि तिकडे हिवाळ्यात दारातला बर्फ काढायला माणूस मिळेना. शेवटी घर विकलं. सामान ट्रकमधून चार राज्यं ओलांडून आलं. एक खोका मात्र त्यांनी ट्रकमध्ये चढवू दिला नाही. दोन दिवसांच्या प्रवासात तो गाडीत त्यांच्या पायाशी होता.

सासरे अमेरिकन. त्यांच्या खापरपणजोबांचे आजोबा १७७६च्या स्वातंत्र्ययुद्धात मिलिशियात होते. त्या लढ्यातल्या लोकांच्या वंशजांच्या संस्था इथे बऱ्याच आहेत. त्यातल्या एकीचे सासरे १९९१ पासून सभासद आहेत. संस्थेचं आणि राज्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या कुणीही आमच्याशी वाईट वागलेलं नाही.

खोक्यात त्यांचं चौकटीतलं प्रमाणपत्र आहे, फितीला लावलेलं पदक आहे, वंशावळीच्या अर्जाची प्रत आहे. आणि त्या पूर्वजाच्या पेन्शनच्या कागदांची झेरॉक्स. १८३२मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून उरल्यासुरल्या जुन्या सैनिकांना पेन्शन दिली, तेव्हा त्या म्हाताऱ्याने कोर्टात उभं राहून शपथेवर दिलेली जबानी त्यात आहे. कुठे पहारा दिला, कुणाच्या हाताखाली होता, किती महिने. खाली सही नाही, फुली आहे. फुलीच्या दोन्ही बाजूंना कारकुनाने 'याची निशाणी' असं लिहिलंय. सासऱ्यांनी पहिल्यांदा मला ती दाखवली तेव्हा फुलीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

तर प्रश्न असा. १९९८मध्ये त्यांनी त्यांच्या राज्याच्या सोसायटीत एकरकमी पैसे भरून आजीव सभासदत्व घेतलं. आता इथल्या चॅप्टरच्या, म्हणजे स्थानिक शाखेच्या, सभांना जायची त्यांची इच्छा आहे. मी इथल्या सचिवांना मेल केली. त्यांनी फार आपुलकीने उत्तर दिलं, पण मजकूर असा की बदली करून घेतली तर इथली वर्गणी दरवर्षी भरावी लागेल. आधीच्या राज्यातलं आजीव सभासदत्व या राज्यात धरलं जात नाही.

सासऱ्यांनी ती मेल दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि मला म्हणाले, "मग आजीव म्हणजे काय?" मला उत्तर देता आलं नाही.

इथे अमेरिकेत मिश्र लग्न केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय. कुणाला याचा अनुभव आहे का? जुन्या सोसायटीला त्यांचे पैसे नव्या सोसायटीकडे वळते करायला सांगता येतं का?

---

पाऊसवाट

आमच्याकडे असं काही नाही त्यामुळे उपयोगी माहिती देऊ शकत नाही, पण फुलीचं वाचून गलबलून आलं. सासऱ्यांना नमस्कार सांगा.

---

कोकणकडा

रानजाई, रागावू नका, पण राज्याची आणि चॅप्टरची मिळून वर्गणी अशी किती असणार? वर्षाला एकदा बाहेर जेवायला जाण्याएवढी. भरून टाका आणि त्यांना सभांना नेऊन सोडा. ८१व्या वर्षी माणसाला माणसं भेटणं महत्त्वाचं.

---

देवराई

रानजाई ताई, मी इथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात वंशशोधाच्या विभागात अकरा वर्षं काम करते. असे अर्ज भरायला येणाऱ्या लोकांना रोज मदत करते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते. घाईने बदलीचा फॉर्म पाठवू नका, एवढं आधी सांगते.

बऱ्याच लोकांना वाटतं की वर एक राष्ट्रीय संस्था आहे आणि खाली तिच्या शाखा, जशा बँकेच्या असतात. पुण्यात खातं उघडलं तरी नागपुरात चालतं, तसं. पण यातल्या बऱ्याच संस्था तशा घडलेल्याच नाहीत. आधी राज्याच्या सोसायट्या झाल्या, मग त्यांनी मिळून वरची संस्था केली. मेफ्लॉवर जहाजावरच्या लोकांच्या वंशजांचं उदाहरण घ्या. १६२०मध्ये त्या जहाजातून इंग्लंडहून इथे १०२ माणसं आली, पहिल्या हिवाळ्यातच त्यातली जवळजवळ निम्मी गेली, आणि उरलेल्यांचे वंशज आज देशभर पसरलेत. त्यांची न्यूयॉर्कची सोसायटी १८९४ची. सगळ्या राज्यांची मिळून जनरल सोसायटी झाली १८९७मध्ये. म्हणजे मुलं आधी आणि आई नंतर. तिथे माणूस राज्याच्या सोसायटीत येतो आणि तिच्यामार्फत जनरल सोसायटीत जातो. क्रमांकही दोन मिळतात, एक राज्याचा आणि एक वरचा. बदली झाली की राज्याचा क्रमांक नवा पडतो, वरचा तोच राहतो.

स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांच्या पुरुष वंशजांची सन्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनही साधारण याच बांधणीची. ती ३० एप्रिल १८८९ला न्यूयॉर्कमध्ये स्थापन झाली. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पहिल्या शपथविधीला शंभर वर्षं पुरी होत होती. १९०६मध्ये काँग्रेसची सनद मिळाली, आणि आता मुख्यालय केंटकीत लुइव्हिलला आहे. तिथे वर्गणीचे तीन थर असतात. राष्ट्रीय, राज्याची आणि चॅप्टरची. आजीव सभासदत्वाचेही थर वेगळे. राष्ट्रीय पातळीवर आजीव झालात तर राष्ट्रीय वर्गणी सुटते, राज्याची सुटत नाही. राज्यात आजीव झालात तर त्या राज्याची सुटते, तेवढीच.

म्हणून पहिलं काम हे करा. सासऱ्यांच्या खोक्यात १९९८ची पावती किंवा पत्र असेल तर काढा, आणि पैसे नक्की कुठल्या थराचे भरले होते ते बघा. पुष्कळ लोकांना स्वतःलाच ते आठवत नसतं.

दुसरं जास्त महत्त्वाचं. बदली हा एकच रस्ता नाही. जुन्या राज्यात मूळ सभासद राहून नव्या राज्यात दुहेरी सभासद होता येतं. सन्समध्ये ही सोय आहे, मेफ्लॉवरमध्येही आहे. दुहेरी सभासदाला राष्ट्रीय वर्गणी दुसऱ्यांदा भरावी लागत नाही, फक्त नव्या राज्याची आणि चॅप्टरची भरायची. जुन्या राज्यातलं आजीव सभासदत्व जागच्या जागी राहतं. बदलीचा फॉर्म गेला की मात्र जुनं राज्य त्यांचं नाव आपल्या पटावरून काढतं, आणि त्याबरोबर तिथलं आजीवपणही संपतं.

---

खडीसाखर

पुण्यातल्या एका ज्ञातिसंस्थेचा खजिनदार म्हणून नऊ वर्षं काम केलंय, त्यामुळे पैसे वळते का करता येत नाहीत हे सांगू शकतो. देश वेगळा, पण हिशेब तोच.

आजीव सभासदाचे पैसे संस्थेने खर्च करायचे नसतात. ते कायम निधीत जातात आणि त्याच्या व्याजातून त्या माणसाची दरवर्षीची वर्गणी वळती होते असं धरलेलं असतं. समजा एखाद्याने ५०० डॉलर भरले आणि व्याज मिळालं ४ टक्के, तर वर्षाचे २० डॉलर झाले. भरले त्या वर्षी वर्गणी २० होती, जमलं. पंचवीस वर्षांनी वर्गणी ४० झाली, व्याज मात्र २०च. उरलेले २० संस्था स्वतःच्या खिशातून घालते. आता हा माणूस दुसऱ्या राज्यात गेला आणि तिथल्या सोसायटीला म्हणाला की मी आजीव आहे, तर त्या सोसायटीकडे ते ५०० कधी आलेलेच नाहीत. तिने कशातून चालवायचं? आणि जुन्या सोसायटीने मुद्दल परत द्यायचं म्हटलं तर जाणारा प्रत्येक जण मागणार. निधी फुटतो.

आमच्याकडे १९७०च्या दशकात १०१ रुपये भरून आजीव झालेले सभासद होते. आज त्यांना वार्षिक अंक टपालाने पाठवायचा तर दोन-तीन वर्षांच्या टपालातच ते पैसे संपतात. तरीही अंक पाठवतो, कारण शब्द दिलाय. मात्र तो शब्द आमच्या संस्थेने दिलेला आहे. नाशिकच्या किंवा इंदूरच्या त्याच ज्ञातीच्या मंडळाने दिलेला नाही. अशी पत्रं मला यायची: "मी पुण्यात आजीव, आता मुलाकडे इंदूरला आलोय, तिकडे कळवा." कळवायचो. त्या मंडळींनी कुणाला पाहुणा म्हणून आनंदाने बोलावलं, पण पटावर घेताना फी घेतलीच. त्यात त्यांची चूक नव्हती.

तुमच्या सासऱ्यांना "आजीव म्हणजे काय" याचं उत्तर असं देता येईल: ते आजीव आहेतच, त्या राज्याचे. ते कुणी काढून घेतलेलं नाही. फक्त स्वतः सोडू नका.

---

रानजाई

देवराई, खडीसाखर, दोघांचेही मनापासून आभार. फॉर्म पाठवलेला नाही. प्रिंट काढून टेबलावर ठेवला होता, तो आता बाजूला ठेवलाय.

कोकणकडा, राग नाही आला. मीही आधी हेच म्हणाले होते. वर्गणी आम्ही भरतो, तुम्ही विचार करू नका. त्यावर ते म्हणाले की पैशाचा प्रश्न नाही. १९९८मध्ये ते पैसे भरले तेव्हा त्यांची नोकरी सुटायच्या बेतात होती, सासूबाईंनी स्वतःच्या शिवणाच्या पैशातून निम्मे घातले. "तिने माझ्यासाठी आयुष्यभराचं तिकीट काढलं होतं" असं म्हणाले. ते रद्द होतंय असं त्यांना वाटलं. म्हणून मला हा प्रश्न नुसता पैसे भरून मिटवायचा नव्हता.

पावती सापडली. पैसे राज्याचेच भरले होते. राष्ट्रीय वर्गणी ते अजून दरवर्षी भरतात, चेकबुकात नोंदी आहेत. आणि पावतीला सासूबाईंची चिठ्ठी टाचलेली होती, ती इथे लिहीत नाही.

---

जुनी वही

वाचतोय. इतिहासाचा माणूस आहे म्हणून थोडं अवांतर लिहितो.

तुमच्या सासऱ्यांचे पूर्वज पहारा देत होते त्याच वर्षांत आपल्याकडे इंग्रज आणि मराठे यांचं पहिलं युद्ध चालू होतं. जानेवारी १७७९मध्ये वडगावला इंग्रजांना माघार घ्यावी लागली. ऑक्टोबर १७८१मध्ये तिकडे अमेरिकेत यॉर्कटाउनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने शरणागती दिली, आणि मे १७८२मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला. तोच कॉर्नवॉलिस पुढे १७८६मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. तुमच्या घरात आता या दोन्ही बाजूंचे वंशज एका टेबलावर जेवतात, हे मला फार मोलाचं वाटतं.

राज्याच्या सोसायट्या इतक्या स्वतंत्र कशा, याचंही मूळ त्याच काळात सापडतं. यातली सगळ्यात जुनी संस्था सोसायटी ऑफ द सिनसिनाटी, मे १७८३ची, युद्ध संपता संपता अधिकाऱ्यांनी स्वतःच काढलेली. पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन. सभासदत्व थोरल्या मुलाकडे जायचं, म्हणून लोकांनी ओरड केली की ही नवी सरदारकी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने आपल्या मुलीला पत्र लिहून आक्षेप घेतला की मान मुलांना कशाला, द्यायचाच तर ज्यांनी वाढवलं त्या आईबापांना द्या. वॉशिंग्टन यांनी १७८४च्या सभेत वंशपरंपरेचं कलम काढायला लावलं. पण तो बदल राज्यांच्या सोसायट्यांनी मान्य करायला हवा होता, आणि त्यांची पुरेशी मंजुरी आलीच नाही. कलम राहिलं. खुद्द वॉशिंग्टन यांनी सांगूनही राज्यांच्या सोसायट्या हलल्या नाहीत, मग आजीव वर्गणीच्या बाबतीत त्या आपापले नियम राखून असल्या तर नवल नाही.

---

देवराई

जुनी वही, छान आठवण काढलीत. सिनसिनाटीत तर बदलीचा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने सुटतो. तिच्या शाखा चौदा आहेत, मूळची तेरा राज्यं आणि चौदावी फ्रान्सची. तुम्ही कुठे राहता याला तिथे अर्थ नाही. पूर्वज ज्या राज्याच्या फौजेत अधिकारी होता, त्या राज्याच्या शाखेत तुम्ही. कॅलिफोर्नियात जन्म काढला तरी शाखा व्हर्जिनियाची. आपल्याकडे माणूस मुंबईत तीन पिढ्या राहिला तरी कुलदैवत गावचंच असतं, तसं.

याच्या उलट टोकाला स्त्री वंशजांची डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन. ती १८९०मध्ये वॉशिंग्टन शहरात सुरू झाली तीच राष्ट्रीय संस्था म्हणून. बाई राष्ट्रीय संस्थेची सभासद असते. गाव बदललं की चॅप्टर बदलते, किंवा कुठल्याच चॅप्टरमध्ये न राहता थेट राष्ट्रीय संस्थेकडे राहते. मूळ चॅप्टर न सोडता दुसऱ्या चॅप्टरची सहयोगी सभासदही होता येतं. ग्रंथालयात येणाऱ्या बायकांना बदलीचा त्रास कमी होतो आणि पुरुषांना जास्त, असं मला वाटायचं. त्याचं कारण हे बांधणीतलं आहे.

---

पाऊसवाट

एक मनातलं विचारते. रानजाई, तुमच्या लेकीला या संस्था घेतील का? म्हणजे कागदावर नव्हे, खरोखर? १९३९मध्ये डॉटर्सच्या सभागृहात मेरियन अँडरसन यांना काळ्या म्हणून गाऊ दिलं नव्हतं, आणि मग त्या लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर गायल्या, हे आम्ही इथल्या शाळेत मुलांबरोबर वाचलं. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट यांनी त्यावरून डॉटर्सच्या सभासदत्वाचा राजीनामा दिला होता. ते वाचल्यापासून या संस्थांबद्दल माझ्या मनात अढी आहे.

---

देवराई

अढी असणं रास्त आहे. ते घडलं आणि ते लहान नव्हतं. पहिल्या काळ्या सभासद म्हणून कॅरेन बॅचलर यांचं नाव घेतलं जातं, त्या १९७७मध्ये आल्या. म्हणजे अँडरसन यांच्यानंतर अडतीस वर्षांनी.

आज नियम रक्ताच्या धाग्याचा आहे. प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मृत्यू कागदाने जोडून दाखवायचा. दत्तक मुलाला दत्तक आईबापांच्या बाजूने येता येत नाही, जन्मदात्यांच्या बाजूने येतं. रानजाईंच्या लेकीचा धागा वडिलांकडून सरळ जातो. आजोबांचा अर्ज मंजूर झालेलाच आहे, त्यामुळे तिला बहुतेक फक्त स्वतःपासून आजोबांपर्यंतचे कागद जोडावे लागतील. सगळ्यात सोपा अर्ज तिचाच होईल. २२ वर्षांखालच्यांसाठी चिल्ड्रन ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन ही १८९५पासूनची वेगळी संस्था आहे, आणि १८ पूर्ण झाल्यावर डॉटर्समध्ये जाता येतं. मनाने घेतील का, याचं उत्तर चॅप्टरमध्ये गेल्यावरच कळतं. माझ्या समोर या वर्षात दोन गुजराती आयांच्या आणि एका केरळी आईच्या मुलींचे अर्ज गेलेत.

---

हळदीचं शेत

माझं गाव सांगलीजवळ. आमच्याकडे हेळवी यायचे, बैलावर वह्या लादून. आजोबा त्यांना पायलीभर जोंधळे द्यायचे, मग ते ओसरीवर बसून घराण्याची नावं म्हणायचे. कोण कुठून आला, कुणाला किती मुलगे. नवं मूल झालं असेल तर त्याचं नाव वहीत चढायचं. वही हेळव्याची, पण नाव आमचं. गाव सोडून पुण्याला आलो तेव्हापासून आमच्या घरची नावं चढायची राहिली, कारण हेळव्याची गावं ठरलेली असतात आणि पुणं त्यात नाही. तुमच्या सासऱ्यांची अडचण मला लगेच कळली.

माझ्या बहिणींची नावं मात्र त्या वहीत नव्हती. मुलींची चढवत नसत. तुमच्या लेकीचं नाव आजोबांच्या कागदाला जोडलं जाणार असेल तर नक्की जोडा.

---

रानजाई

सात आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला.

देवराईंनी सांगितलं तसं केलं. आधी जुन्या राज्याच्या सचिवांना पत्र लिहिलं, की सासरे राज्याबाहेर राहायला गेलेत पण त्यांचं आजीव सभासदत्व तुमच्याकडेच ठेवायचं आहे, त्याची लेखी पोच द्या. आठवड्यात पत्र आलं. त्यात त्यांचं नाव, क्रमांक, आणि १९९८पासून आजीव सभासद अशी ओळ. ते पत्र सासऱ्यांनी पावतीच्या आणि चिठ्ठीच्या शेजारी लावलंय. मग इथल्या सचिवांना दुहेरी सभासदत्वाचं विचारलं. ते म्हणाले, हे आधीच सुचवायला हवं होतं, मला वाटलं तुम्हाला बदलीच हवीय. मी मेलमध्ये 'ट्रान्सफर' हा शब्द लिहिला होता, त्यांनी त्याचंच उत्तर दिलं. त्यामुळे पुढे कुणी विचाराल तर शब्द जपून वापरा. "मला इथल्या सभांना यायचं आहे, काय करू" असं विचारा, "बदली करा" असं म्हणू नका.

इथली वर्षाची वर्गणी सासऱ्यांनी स्वतः भरली. मी पुढे केलेलं कार्ड त्यांनी परत दिलं.

पहिली सभा शनिवारी एका हॉटेलच्या मागच्या खोलीत होती. सतरा-अठरा माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. लेकीने सकाळी त्यांच्या कोटावर पदक लावलं, दोनदा तिरकं झालं, तिसऱ्यांदा जमलं. ओळख करून देताना सासऱ्यांनी आपलं जुनं राज्य आधी सांगितलं आणि मग इथलं. टेबलावरचे दोघंजण म्हणाले की तेही असेच दोन राज्यांचे आहेत. त्यातल्या एकाचे बर्फाचे दिवस सासऱ्यांच्याच गावापासून वीस मैलांवर गेलेले निघाले. मी दोन तासांनी न्यायला गेले तर दोघं पार्किंगमध्ये उभे राहून एका मोडकळीला आलेल्या पुलाबद्दल बोलत होते.

हळदीचं शेत, लेकीचा अर्ज भरतोय. तिचा जन्मदाखला, आमच्या लग्नाचा दाखला आणि नवऱ्याचा जन्मदाखला लागला. लग्न रत्नागिरीला झालं होतं, दाखला मराठीत. त्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं आणि मराठी मूळ प्रतही सोबत जोडली. आता त्या फुलीवाल्या म्हाताऱ्याच्या कागदांच्या गठ्ठ्यात नगरपरिषदेच्या शिक्क्याचा देवनागरी कागद लागेल.

---

देवराई

फार बरं वाटलं वाचून. एक राहिलं. सासऱ्यांचा नवा पत्ता दोन्ही राज्यांना कळवलाच असेल, राष्ट्रीय कार्यालयालाही वेगळा कळवा. आणि तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं तिथे तुमचं किंवा तुमच्या नवऱ्याचं नाव घाला. दुहेरी सभासदांच्या बाबतीत एक राज्य दुसऱ्याला कळवेल असं धरलं जातं आणि मग कुणीच कळवत नाही.

---

रानजाई

राष्ट्रीय कार्यालयाचं राहिलंच होतं. आज संध्याकाळी ते आणि मी बसून पाठवतो.